न घेतलेले पत्ते

यंदाचे गहू आले. टेम्पोवाला सकाळीच पोती दारात टाकून गेला आणि काकूंची खालून हाक आली, "वनिता, दिवेल काढून ठेव गं." दिवेल म्हणजे एरंडेल. बडोद्यात वर्षभराचे गहू एकदाच भरतात आणि कीड लागू नये म्हणून दिवेल चोळून कोठीत ठेवतात. आमच्या वाशीमकडे गव्हात कडुलिंबाचा पाला घालायचे, तेल कुणी लावत नव्हतं. काकूंच्या घरी स्वयंपाक मराठीत होतो पण गहू गुजरातीत भरतात, असं काकूंची नात ऋचा म्हणायची.

दिवेलाचा वास हाताला लागला की आठवडाभर जात नाही. साबण लावा, बेसन लावा, लिंबाची साल चोळा. घासाला येतो, उशीला येतो. आणि हा वास आला की दर वर्षी मला आपलाच पेपर असल्यासारखं वाटतं, कारण हेच दिवस परीक्षांचे. दांडिया बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. पोरं आरपार दिसणारी पॅडं काखेत मारून चालतात आणि त्यांच्या आया त्यांच्या मागून पाण्याची बाटली घेऊन. दुपारी रस्ता पांढरा पडतो, कडुलिंबाची बारीक फुलं वाऱ्याने खिडकीतून आत येतात आणि निवडलेल्या गव्हात पडतात. ती पुन्हा वेचायची. माझं वय परीक्षेचं राहिलेलं नाही. पण नाकाला कोण सांगणार?

मला या दिवसांत एकच उन्हाळा आठवतो. ऋचाचा पाय प्लास्टरमध्ये होता तो.

काकू माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत, हे आधी सांगायला हवं. भावाला इथल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं, त्याला भाकरी करून घालायला मी आले. वर्ष-दीड वर्षाने ठेकेदाराने त्याला जामनगरला हलवलं, तिथे पुरुषांचीच राहायची सोय होती. मी गावी परत जायचं ठरलं. बॅग भरलेली होती. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, दांडिया बाजारात एक काकू आहेत, ऑर्डरीच्या पुरणपोळ्या करतात, होळीला हात कमी पडतायत, दोन दिवस जातेस का? गेले. पोळ्या लाटल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात धुताना सुधाकाकू म्हणाल्या, "वरची खोली रिकामीच असते. राहा की."

राहा की. एवढंच. आधार कार्ड दाखव नाही, कुणाची तू, का आलीस नाही. मी अजून त्याच खोलीत आहे. पंखा काकूंनीच बसवून दिला, हिवाळ्यात रजई त्यांनीच दिली. मला ताप आला तेव्हा कपाळावरच्या घड्या त्यांनी बदलल्या, आणि मी ग्लानीत त्यांना माय म्हणाले म्हणे. असं माणूस भेटलं की काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मला एकच सुचलं. हो म्हणायचं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणायचं.

तर तो उन्हाळा. ऋचाचे आईबाबा अंकलेश्वरला, ती इथे आजीकडे राहून युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकत होती. स्कूटीवरून पडली आणि पाय मोडून घरी बसली. दिवाणखान्यात दिवाणावर प्लास्टरचा पाय उशीवर, खाली चटईवर मी आणि गव्हाचा ढीग. काकू दुपारच्या आडव्या झालेल्या. ऋचाला गप्प बसवत नसे. तिच्या फोनवर पत्त्यांचा एक खेळ होता आणि ती तो मोठ्याने खेळायची, म्हणजे स्वतःशी बोलत, शिव्या देत. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेला वळत नाही. एक कंदीलवाली बाई एकेक घाट ओलांडत जाते, वाटेत भुतंखेतं आडवी येतात, म्हणून आम्ही त्याला घाटाचा खेळ म्हणायचो.

"ताई, बघ ने. हे तीन पत्ते आलेत. कुठला घेऊ?"

"तिन्ही घे."

"तिन्ही नाही घेता येत. एकच."

"मग तो मोठा तलवारवाला."

"आणि एकही नाही घेतला तर?"

माझा गव्हातला हात थांबला. "फुकट मिळतोय ना?"

"फुकटच."

"मग सोडायचा कशाला?"

ऋचा इतकी हसली की तिचा पाय उशीवरून घसरला. "तू एकदा खेळच. मला बघायचंय तू कशी मरतेस ते."

माझे हात तेलाचे. तिने फोन एका धुतलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर रबर लावलं, आणि माझ्यापुढे ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदा खेळले तो खेळ असा, पिशवीतून, दिवेलाच्या बोटांनी.

खेळ तसा साधा. सुरुवातीला आठ-दहा पत्ते देतात, अगदीच मामुली. काही मारायचे, काही मार अडवायचे. दर खेपेला त्यातले पाच हातात येतात, पण खेळायची ताकद तीन पत्त्यांपुरतीच. एक भूत हरवलं की तीन नवे पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्यायचा. असं करत तुमचा कॅट वाढत जातो. ऋचा त्याला डेक म्हणायची, मी कॅट. मार खात खात कंदील विझला की मेलात, आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. जमवलेला एकही पत्ता राहत नाही. वाटही बदलते, भुतंही वेगळ्या क्रमाने येतात.

पहिले कितीतरी दिवस मी दुसरा घाट पाहिलाच नाही. मिळेल तो पत्ता मी घेत होते. विषाचा घेतला, आगीचा घेतला, ढालीचा घेतला. एक तर असा होता की त्याचा उपयोग तुमच्याकडे पक्षी असेल तरच, आणि माझ्याकडे पक्षी नव्हता. तरी घेतला, म्हटलं, पुढे मिळेल पक्षी. आमच्या घरी कुणी काही देऊ केलं तर नको म्हणायची पद्धत नव्हती. लग्नातली उरलेली बुंदी, शेजारच्या पोरीचा लहान झालेला फ्रॉक, कुणाच्या शेतातली गळालेली बोंडं. नको म्हटलं तर पुढच्या वेळी देणार नाहीत ही भीती. मी त्याच हाताने पत्ते घेत होते. आणि मग मोठं भूत समोर आलं की हातात यायचे नेमके पक्ष्याचे, विषाचे, कसले कसले पत्ते, आणि हवी ती ढाल खाली कुठेतरी गाडलेली.

"तुझा डेक बघ किती जाड झालाय," ऋचा म्हणायची. "ढाल येणार कुठून?"

ते मला कळलं स्वयंपाकघरातून. लग्नाच्या घरात फडताळात पन्नास डबे असतात आणि फोडणी जळायला लागते तरी हिंग सापडत नाही, तसं.

वाटेत एक व्यापारी भेटायचा. तो पत्ते विकायचा, आणि खेळातली मोहर घेऊन तुमचा एखादा पत्ता कॅटातून काढूनही टाकायचा. यावर आमचं भांडणच झालं.

"आपलीच वस्तू फेकायला त्यालाच पैसे द्यायचे? हा कसला व्यापारी?"

"इथला नाही एवढं नक्की," ऋचा म्हणाली. "पण ताई, त्याच्याकडची सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. सुरुवातीचे ते रडके पत्ते जातील तेवढे बरे."

"त्यांनीच तर आपल्याला इथवर आणलं."

"आणलं ना? थँक्यू म्हण आणि सोड."

मी नाही सोडले. मला त्यांची दया यायची. हसू नका, पण यायची.

दुसरी खोड औषधाच्या बाटल्यांची. वाटेत कधीमधी एखादी बाटली मिळते, एकदाच वापरता येते; एकीने जखम भरते, एकीने ताकद वाढते. मी त्या जपून ठेवायची. पुढे मोठं संकट येईल तेव्हा लागतील म्हणून. माझ्या मायने तिच्या लग्नातला शालू असाच जपला आणि तो पेटीतच विरला. एकदा मी मेले तेव्हा ऋचाने फोन काकूंना नेऊन दाखवला, लंगडत लंगडत. "आजी, हिला बघ. जीव गेला आणि तिन्ही बाटल्या भरलेल्या!" काकू चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मेली ती कशाने?" ऋचा म्हणाली, "काटकसरीने."

पण मला त्या खेळातलं खरं आवडलं ते वेगळंच होतं. समोरचं भूत पुढच्या खेपेला काय करणार ते त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं. तलवार दिसली तर मारणार, आणि किती मारणार तो आकडाही बाजूला. ढाल दिसली तर गप्प बसणार. म्हणजे धास्ती घ्यायचं कारणच नाही, बघायचं आणि ठरवायचं. मला हे इतकं नवं होतं! मी जन्मभर माणसांच्या पावलांवरून अंदाज बांधत आले. बापाची चप्पल अंगणात कशी वाजली, भावाने डबा कसा ठेवला. काकूंच्या घरात तर कुणी कधी आवाज चढवला नाही, तरी त्या जिना चढताना थोड्या थांबल्या की माझं काळीज थांबायचं. आज काही चुकलं का? कुकरची शिट्टी जास्त झाली का? प्रत्येकाच्या डोक्यावर असं काही दिसलं असतं तर मी किती शांत बाई झाले असते.

आणि काही भुतं मारत नाहीतच. ती तुमच्या कॅटात गुपचूप एक राखाडी पत्ता सरकवतात. तो खेळता येत नाही, कशाला उपयोगी पडत नाही, फक्त हातात येऊन जागा अडवतो. पाचातला एक वाया. ऋचा त्याला कचरा म्हणायची. तिला त्याचा नुसता राग यायचा. मी मात्र त्याला बघताक्षणी ओळखलं. तो माझ्याकडे कायमच होता.

एकदा ऋचा शेवटचा घाट जिंकली. ओरडली, दिवाणावर थापा मारल्या. मग पडद्यावर एक नवी पाटी आली. खेळ म्हणत होता, आता पहिली चढण उघडली, हवी तर घ्या. म्हणजे तोच खेळ, पण भुतं जास्त बळकट आणि वाटेतल्या विसाव्याच्या जागी जखम कमी भरणार. ती जिंकलात की दुसरी चढण. अशा पुष्कळ.

"जिंकल्याचं बक्षीस म्हणजे जास्त त्रास?" मी विचारलं.

"मजा त्यातच आहे ना. सोपं जिंकून काय करायचं?"

"आणि नको म्हटलं तर?"

"तर नको. कुणी मागे नाही लागत. आपणच घेतो."

मी गव्हाला तेल चोळत राहिले. मनात म्हटलं, विचारून येणारी चढण कशी असते ते मला ठाऊक नाही बाई. मी नववीत होते तेव्हा मायचं ऑपरेशन झालं. घरात धाकटी भावंडं. दिवाळीपर्यंत शाळेत जाऊ नको, एवढंच ठरलं होतं. दिवाळी झाली, माय उठली, पण पाणी उचलायचं नव्हतं तिला. मग होळी झाली. मला शाळेतून कुणी काढलं नाही, कुणी सोड म्हटलं नाही, मीही सोडते म्हटलं नाही. ज्याच्यावर बोट ठेवावं असा दिवसच नाही. पुढे कुणी विचारलं, किती शिकलीस, की मी म्हणायची, नववीत आहे. 'आहे'. लग्नाच्या वयाची झाले तरी.

ऋचाला ही गोष्ट मी सांगितली होती, आणि तिनेच मागे लागून मला मुक्त शाळेत दहावीला बसवलं होतं. तिथे एकेक विषय सुटा काढता येतो. हिंदी निघाला, गृहविज्ञान निघालं, बाकीचेही निघाले. गणित राहिलं. एकदा नापास. पुढच्या वेळी परीक्षेला गेलेच नाही, कारण त्या दिवशी काकूंकडे पाहुणे जेवायला होते आणि काकू म्हणाल्या, "वनिता, तू आहेस म्हणून बरं." काकूंना परीक्षेचं मी सांगितलेलंच नव्हतं. नापास झाले तर घरातल्या आणखी एका माणसाला तोंड दाखवायला नको म्हणून. तो पेपर आता वैशाखाच्या आधी पुन्हा यायचा होता. आयटीआयमध्ये बेकरीचा कोर्स होता, तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, दहावी पास लागेल. माझं सगळं त्या एका पेपराशी येऊन अडलं होतं.

मग चैत्र लागला. गौर झोपाळ्यात बसली. एक दिवस चहा पिता पिता काकूंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "या दिवशी करू या हळदीकुंकू. वाड्यातल्या, समोरच्या, सगळ्यांना बोलावते. डाळ आणि पन्हं तूच कर, तुझ्या हाताला चव आहे. दुपारपासून लागावं लागेल हं."

"हो काकू."

तो पेपराचाच दिवस होता. आणि पेपर दुपारचा.

काकू आत गेल्या. ऋचाने फोन खाली ठेवला. "तू आत्ता काय केलंस?"

"हळू बोल."

"तू परत घेतलास. नको असलेला पत्ता."

"काकू म्हणजे पत्ता आहेत का?"

"अगं आजी नाही, ती कैरीची डाळ! डाळ नको म्हणायचं, आजीला नाही."

तिला ते दोन वेगळं दिसत होतं. मला दिसत नव्हतं. ज्या माणसाने राहा की म्हटलं, त्याला नाही म्हणायचं तर मधे कुठे थांबायचं? डाळीला नाही म्हणताना खोलीलाच नाही म्हटल्यासारखं होणार नाही का? संध्याकाळी मायचा फोन आला. तिला सांगितलं. ती म्हणाली, "काकूले नाही नको म्हणू पोरी. परक्या गावात आसरा देल्ला त्या बाईनं. पेपर काय, पुढच्या साली बी येते." आणि मग, "जेवली का?"

त्या दिवसांत मी घाटाचा खेळ फार खेळले. खरं तर गणितं सोडवायला हवी होती, सोडवतही होते, पण मधेच फोन मागून घ्यायची. तीन पत्त्यांच्या खाली एक लहानसं बटण होतं, काही न घेता पुढे जायचं. इतके दिवस मी तिथे बोटच नेलं नव्हतं. एका दुपारी नेलं. छान चकाकणारा पत्ता होता, सोडला. पुढचे सोडले. व्यापाऱ्याकडून रडके पत्तेही काढले, मनात थँक्यू म्हणून. कॅट बारीक झाला. ढाल हवी तेव्हा ढाल येऊ लागली. बाटली मिळाली की लागलीच वापरली. त्या दिवशी मी शेवटच्या घाटापर्यंत गेले, आणि तिथे मेले.

"एवढं करून मेलेच की!"

"पण का मेलीस सांग."

मी सांगितलं. शेवटच्या भुताच्या डोक्यावर मोठा आकडा दिसत होता, आणि मी ढालीऐवजी लोभाने मारायला गेले.

"बघ," ऋचा म्हणाली. "आधी विचारलं तर म्हणायचीस नशीब. नशीब असतं गं, पत्ते कसे येतील ते कुणाच्या हातात आहे? पण दर वेळी हरते ती नुसती नशिबाने नाही."

आज ती बंगळूरला असते. कधी दुपारी तिच्याकडून फोटो येतो, तिचा नाही, खेळाच्या पडद्याचा. कुठल्याशा वरच्या चढणीवर मेलेली कंदीलवाली. खाली लिहिलेलं, ताई, माझं काय चुकलं? मी पाणीगेटजवळच्या बेकरीत खारीची भट्टी लागायची वाट बघत असते. हात पुसून बघते आणि बहुतेक वेळा एकच लिहिते, फार घेतलंस.

पण तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं की दिवस सरत चाललेत. काकूंशी बोलायला मी रोज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात होते आणि मिठाची बरणी घेऊन परत येत होते. शेवटी एका दुपारी काकू विळीवर कैऱ्या चिरत बसल्या होत्या, लोणच्याच्या. मी समोर बसले. फोडी पुसायला घेतल्या, म्हणजे वर बघायला नको.

"काकू, हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मी नसेन."

"कुठे जायचंय?"

"गणिताचा पेपर आहे."

"कुणाचा?"

"माझा."

विळी थांबली. काकूंनी मला बघितलं, मग दिवाणखान्याकडे. "ऋचाला माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे मला सोडून सगळ्या घराला माहीत आहे."

बाहेरून ऋचा ओरडली, "आजी, घरात तीनच माणसं आहोत!"

"तू गप्प बस." मग माझ्याकडे वळून, "पहिल्यांदाच देतेस?"

मी खरं ते सांगितलं. नापास झाल्याचं, आणि त्या पाहुण्यांच्या दिवसाचंही. काकूंच्या हाताला कैरीचा चीक लागला होता, तो त्या पदराला पुसत राहिल्या. पदराला कधी काही न पुसणारी बाई.

"मला वाटायचं तुला आवडतं हे सगळं करायला."

"आवडतं काकू. खरंच आवडतं."

"मग नाही असं कधी का म्हणत नाहीस?"

"तुम्ही राहा की म्हणाला होतात ना, म्हणून."

काकूंनी विळी बाजूला सारली. "अगं वेडे," त्या म्हणाल्या, "ते मी खोलीबद्दल म्हटलं होतं."

एवढ्यावर सगळं गोड झालं असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. काकूंनी तारीख बदलली नाही; म्हणाल्या, बायकांना सांगून झालंय, डाळ मी वाटीन. आणि मग दोन-तीन दिवस त्या कमी बोलल्या. लागलं होतं त्यांना. मी पाहुण्यांसारखी वागले याचं लागलं असावं, पण तेव्हा मला तेवढं कुठे कळत होतं? मला जिन्यावरची पावलं ऐकू येत होती, थांबलेली. एकदा राहवेना, तेव्हा मी जाऊन म्हटलंच, "काकू, जाऊ दे, मी पुढच्या वर्षी देते पेपर." त्यांनी डाळ भिजवायचं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. "मला तुझी सवय मोडायचीय," म्हणाल्या. "मधे येऊ नकोस."

परीक्षेचं केंद्र शहरातच, नदीपलीकडे अकोट्याला. भर दुपारी शटल रिक्षात कोंबून बसले. विश्वामित्री नदीच्या पुलावर दोघंतिघं उन्हात उभे राहून खाली मगर दिसते का बघत होते. मला त्यांचा हेवा वाटला, केवढी निवांत माणसं. केंद्रावर सगळी माझ्यासारखीच. वॉचमनच्या कपड्यातला एक, कडेवर पोर घेऊन आलेली एक, पोर सासूकडे देऊन आत शिरली. माझ्या शेजारी पन्नाशीच्या गुजराती बेन, त्यांनी मला कुजबुजत विचारलं, "डर लागे छे?" मी मान हलवली. "मने पण," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलला टोक काढू लागल्या.

पेपर हिंदीत. मी आधी सगळा वाचून काढला. प्रत्येक गणित काय मागतंय आणि किती मार्काचं आहे, ते शेजारी छापलेलंच असतं की. इतकी वर्षं मी पहिल्या प्रश्नाला भिडायची आणि तिथेच रुतायची. त्या दिवशी जी जमतात तिथे आधी गेले. जी जमत नाहीत त्यांच्याकडे बघून भीतीचा राखाडी पत्ता आलाच हातात, पण उरलेल्या चारांनी खेळत राहिले. घंटा झाली तेव्हा एक प्रश्न कोरा होता.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला. पास झाले, अगदी काठावर. ऋचाने गल्लीभर पेढे वाटले, पाय तेव्हा बरा झाला होता.

मला जास्त आठवते ती मात्र पेपराचीच संध्याकाळ. परत आले तर दाराशी चपलांचा ढीग. आतून बांगड्यांचा, बोलण्याचा आवाज, कैरीचा आणि वेलदोड्याचा वास. मला वाटलं, मागच्या जिन्याने हळूच वर जावं, हातपाय धुऊन पन्हं द्यायला खाली यावं. तेवढ्यात काकूंनी आतून पाहिलं. "आली, आली," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"कसा गेला गं पेपर?" कोपऱ्यातून एकीने विचारलं.

"सोपा होता का?"

"केवो गयो, बेटा?" समोरच्या घरातल्या बा.

सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी आल्या आल्या प्रत्येकीला सांगितलं होतं, डाळ अशी का झालीय त्याचं कारण म्हणून. ज्या भीतीने मी इतके महिने तोंड मिटून होते, ती अशी खोलीभर मांडी घालून बसली होती, हातात वाट्या घेऊन, आणि माझ्याकडे बघत होती. परीक्षेहून आलेल्या पोरीला दारातच हे विचारतात, हे मला इतरांच्या घरांवरून ठाऊक होतं. मला कुणी कधी विचारलं नव्हतं. काय उत्तर द्यायचं असतं तेही नीट माहीत नव्हतं.

"एक राहिला," मी म्हणाले.

"एकच ना? राहू दे," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

समोरच्या लेलेबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, हात पुढे केला. "प्रश्नपत्रिका आण इकडे. दुसऱ्याचं उत्तर काय आलं?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, ओठ हलवत मनातल्या मनात गणित केलं. बायका त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मीसुद्धा.

"बरोबर," लेलेबाई म्हणाल्या. "तिसऱ्याचं?"

काकू डाळीची वाटी घेऊन मधे आल्या. डाळ खरंच पाणीदार झाली होती, वाटीत हलत होती. "पुरे हो लेलेबाई, उन्हातून आलीय पोर. वनिता, तू आधी बस, दोन घास खा."

"नाही काकू," मी म्हणाले, "आधी त्यांना तपासू दे."